ते, पण उलट, आणि शेवटी तो

३ जून
मी नऊ वर्षांची असताना बाबा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "हिच्या पोटात काही राहत नाही." बाबा जाऊन वर्ष होत आलं. वाक्य गेलं नाही.
आज आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मोबाइल सुरक्षेवर व्याख्यान झालं. मी तिथे काउंटरवर बसते. लोकांची साखर माझ्याइतकी गुप्त कोणी ठेवत नसेल. (शेजारच्या काकांची तेवढी काकूंना सांगितली. त्यांच्याच भल्यासाठी.)
पासवर्ड १२३४ कुणाचा, असं विचारल्यावर हात वर करणारी मी एकटीच. याला प्रामाणिकपणा म्हणतात.
संकल्प: फोन अभेद्य करायचा. आत बाबांच्या आवाजातले अकरा मेसेज आहेत. एकात ते फक्त विचारतात, "रेकॉर्ड होतंय का गं हे?"

४ जून
नवा पासवर्ड ४३२१. चोर नेहमी सरळ विचार करतो. ही युक्ती टेक्निशियनबाईंना समजावून सांगितली. त्यांचाही तोच निघाला.

५ जून
बदलला. सगळ्या लॅबला कळला होता. कसा, कोण जाणे.
बॅकअपही बंद केला. आपलं सामान परक्याच्या घरी कशाला?

९ जून
ताई आली होती. तिच्या फोनला कुलूपच नाही. म्हणे, माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? बाबा तिला मेसेज नाही, थेट फोन करायचे. त्यामुळे तिच्याकडे त्यांचा आवाज नाही. माझ्याकडचे मागितले. सुरक्षिततेच्या कारणास्तव नकार दिला.

१४ जून, दुपारी
आंघोळ करून बाहेर येते तर ताई माझा फोन घेऊन सोफ्यावर! पासवर्ड मीच सांगितला म्हणे, नऊ तारखेला, "बघ किती अवघड आहे" म्हणून. अकराच्या अकरा मेसेज स्वतःला पाठवून मोकळी. चोर म्हणाले तिला. तिने माझ्यासमोर पुसून टाकले, निदान अंगठा तसा फिरवला, आणि अर्धा चहा टाकून गेली.

१४ जून, संध्याकाळी
नवा पासवर्ड. शिवाय बोटाचा ठसा. खूण फक्त इथे लिहिते: ते, पण उलट, आणि शेवटी तो.
बाबा, बघताय ना?

३० जून
सोळा दिवस! कोणालाही सांगितलेला नाही. ठशानेच उघडते, पासवर्डची आठवणही काढावी लागत नाही. टेक्निशियनबाई दोनदा विचारून गेल्या. मी नुसती हसले.

२ जुलै
अपडेट होऊन फोन बंद-चालू झाला. आता ठसा चालत नाही, आधी पासवर्ड हवा म्हणतो. हरकत नाही. खूण आहे.

२ जुलै, दहा मिनिटांनी
'ते' म्हणजे काय?

४ जुलै
'तो' बहुधा शून्य. किंवा नवरा. त्याला विचारलं. म्हणाला, मी कशाला शेवटी?

६ जुलै
दुरुस्तीवाला म्हणतो, आतलं सगळं पुसलं तरच उघडेल. असा बंदोबस्त त्याने आजवर पाहिला नव्हता म्हणे. बरं वाटलं. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत.
बाबा, राहिलं की नाही पोटात?

७ जुलै
ताईच्या दारापर्यंत जाऊन परत आले. उद्या बेल वाजवायचीच. वाक्य पाठ केलंय. ती नाहीच म्हणणार, आणि वर कारण माझंच देणार.
ताई, त्या दिवशी चोरलेल्यातलं एखादं चुकून उरलं असेल तर ऐकव ना. पाठवू नकोस. ते 'रेकॉर्ड होतंय का गं' वालं, एकदाच, तुझ्याच फोनवर.