दहाव्या दिवसाचा कुत्रा

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
१२ सप्टेंबर १९९९

प्रिय सुनू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं आणि उत्तराला आज रविवार उजाडला. तुझे बाबा आज ओव्हरटाइमला अंबरनाथला गेलेत. ते घरात नसतानाच हे लिहून व्हावं असं मला वाटत होतं, म्हणून मी रविवारची वाट पाहिली. इकडे सगळं ठीक आहे. नळाला आता सकाळी पाऊण तास पाणी असतं. कौसाबाईंच्या गुडघेदुखीने पुन्हा उचल खाल्लीय, तरी माझ्या दारात यायचं त्या काही सोडत नाहीत. हॉस्टेलचं जेवण तिखट लागतं म्हणालीस, तर दही घेत जा. आता मुद्द्याचं लिहिते. मला तुला टायगरबद्दल सांगायचंय. तुला वाटेल, त्यात सांगायचं काय राहिलंय, आपल्या घरात ती गोष्ट शंभरदा झालीय. झालीय खरी. पण ती नेहमी मीच सांगितलीय, आणि माझ्या सोयीने सांगितलीय.

आपण इथे राहायला आलो तेव्हा तू चार वर्षांची होतीस. विठ्ठलवाडीच्या चाळीतली एक खोली सोडून स्वतःच्या दोन खोल्यांत आलो होतो. ही सगळी जमीन हरिचंद्रच्या घरची. भातशेती मोडून त्यांनी प्लॉट पाडले आणि आम्ही नोकरदार माणसं येऊन वसलो. आपल्या मागच्या तारेच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर. हरिचंद्रने उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्याकडून अल्सेशियनच्या जातीचं पिल्लू आणलं होतं. ते वाढून हा टायगर झाला. त्याला बांधायची पद्धत त्या घरात नव्हती. त्याने आपली वाळत घातलेली चादर फाडली, ओट्यावरचे बोंबील पळवले, गॅसच्या माणसाला सिलिंडरसकट पळायला लावलं. मी तक्रार घेऊन गेले की हरिचंद्र हसायचा. म्हणायचा, "वहिनी, काय करत नाय तो. नवीन मानूस बघला की खेलतो." त्याची आई मोतीबाई तर कुत्र्याची बाजू घेऊन मलाच समजवायची, "तुमी घाबरता ना, ते त्याला कलतं." म्हणजे चादर फाटली तरी चूक आमचीच.

मला मात्र वेगळंच कळत होतं, किंवा कळतंय असं वाटत होतं. टायगर रोज सकाळी बाबांच्या सायकलमागे लागायचा, पलीकडच्या पेंडशांच्या स्कूटरमागे नाही. पेंडशांच्या ओट्यावर तो गपचूप झोपायचा. आपल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला, त्या रविवारी वंदनेला बाबांचे चार मित्र आले आणि टायगरने चौघांनाही फाटकाबाहेर रोखून धरलं. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं की त्याला हे शिकवलंय. बाबा मला वेड्यात काढायचे. म्हणायचे, "कुत्र्याला जात वाचता येत नाही, तू उगाच." मी म्हणायचे, कुत्र्याला नसेल येत, मालकाला येते. मोतीबाई मला पाण्याचा तांब्या हातात द्यायची की ओट्यावर ठेवायची, हेही मी लक्षात ठेवत होते. खरं सांगू? ती हातात द्यायची. मग मी म्हणायचे, मुद्दाम दाखवायला देते.

जानेवारी सत्त्याऐंशीमध्ये, तू सहा वर्षांची असताना, तो तुला चावला. दुपारी तू कुंपणाजवळ चेंडू आणायला गेलीस आणि त्याने तुझी डावी पोटरी धरली. मोतीबाई चुन्याची डबी घेऊन धावत आली, जखमेत चुना भरायला. मी तिचा हात झटकला. तुला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर शांत होते. त्यांनी जखम साबणाने धुतली आणि सांगितलं, कुत्रा पाळलेला आहे, जखम पायाला आहे, घाई नको. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. दहाव्या दिवशी तो जिवंत आणि ठणठणीत असला तर काही करायला नको. मेला, आजारी पडला किंवा दिसेनासा झाला तर लगेच या, मग पोटात चौदा इंजेक्शनं. तू तेव्हा विचारलंस, "पोटात का?"

तुझा जीव आता त्या कुत्र्याच्या जिवावर होता. ज्याचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती, त्याला मी दिवसातून दहादा बघायला लागले. तो पाणी पितो का, लाळ गळते का, आवाज बदललाय का. तीन दिवस तो अगदी धडधाकट होता. चौथ्या दिवशी सकाळी कौसाबाई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. त्याच्या पाठचा भाऊ बदलापूर गावात आहे, मोतीबाईच्या बहिणीकडे. सेम टू सेम. हा मेला तर रातोरात तो आणून बांधतील. पोलीसकेसच्या भीतीने माणसं काय वाट्टेल ते करतात. तू ओळखणार कशी?" सुनू, मी खरंच ओळखू शकले नसते. मी त्या कुत्र्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं, नुसती घाबरत होते.

त्या दिवशी दुपारी मी जे केलं ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. खिडकीच्या गजांना लावायला आणलेला शेंदरी प्रायमर डब्यात उरला होता. मी एका काठीला चिंधी बांधली, प्रायमरमध्ये बुडवली आणि पदराखाली सुकटाची मूठ घेऊन कुंपणाशी गेले. टायगर आला. तारेला तोंड लावून सुकट खायला लागला आणि मी त्याच्या डाव्या कानामागे, मानेवर, रुपयाएवढा ठिपका उमटवला. तो गुरगुरलासुद्धा नाही. मला इतकं हुशार वाटलं स्वतःला! आता बघू, कोण माझ्या पोरीच्या जिवाशी खेळतंय.

पाचव्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडे कुत्रा उभा होता. तोच रंग, तेच कान, तेच भुंकणं. कानामागे ठिपका नव्हता. मी दुपारपर्यंत तीनदा जाऊन पाहिलं. तेलाचा रंग, एका दिवसात जाणार कसा? बाबांना मी एवढंच म्हटलं की कुत्रा बदललाय, मला खात्री आहे. ठिपक्याचं बोलले नाही. चोरून केलेल्या गोष्टीची लाज वाटत होती, आणि आपण चुकलो नाही याचा ताठाही होता. बाबा हरिचंद्रकडे गेले. त्याने आईची शपथ घेतली, "किसनभाऊ, तोच हाय. बदलून आमाला काय करायचं?" बोलताना तो बाबांकडे बघत नव्हता. बाबांनी ते पाहिलं आणि परत आल्यावर म्हणाले, "खोटं बोलतोय. उद्याच पोरीला घेऊन जा."

ते चौदा दिवस तुला आठवतात, हे मला माहीत आहे. बेंबीभोवती रोज एक. नर्स तुझे पाय धरायची, मी खांदे. चावल्यापासून दहाव्या दिवशी, पाचव्या इंजेक्शनाच्या वेळी, डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा कसा आहे?" समोर उभा असलेला कुत्रा ठणठणीत होता. मी म्हटलं, "साहेब, तो कुत्रा तो नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आई, तुमची खात्री आहे?" मी हो म्हटलं. तिथे थांबले असते तर पाच इंजेक्शनांवर भागलं असतं. दहाव्या इंजेक्शनाच्या सकाळी तू रिक्षापर्यंत चालताना डावा पाय ओढत होतीस. "आई, पायाला मुंग्या आल्यात," म्हणालीस. मला वाटलं, दवाखान्यात जायचं नाही म्हणून सोंग करतेस. मी तुझ्यावरही संशय घेतला, सुनू. दरडावून रिक्षात बसवलं. बाराव्याच्या दिवशी तुला उभंच राहता येईना, तेव्हा डॉक्टरांनी घाईघाईने सगळं थांबवलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. म्हणजे चौदा नाही, अकराच झाली. घरात आपण चौदा म्हणतो.

उजवा पाय तीन आठवड्यांत सुधारला. डावा कसा राहिला ते तुझं तुला ठाऊक. मुंबईच्या डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे कुत्र्याचं विष नाही, त्या इंजेक्शनांनीच कधीतरी एखाद्याचे पाय असे जातात. घरात गोष्ट ठरून गेली: टायगर पिसाळून मेला, त्यांनी दुसरा आणून बांधला, विष पायापर्यंत चढलं होतं, पण आईने ओळखलं म्हणून पोरगी वाचली. बाबांनी हरिचंद्रशी बोलणं तोडलं. आजही ते स्टेशनला जायला लांबचा रस्ता धरतात. आणि मला मात्र सगळे मान द्यायला लागले. कौसाबाई नव्या बिऱ्हाडकरूंना सांगायच्या, "हिची नजर बघा, कुत्र्यातला फरक ओळखला हिने."

तुला हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या आठवड्यात मी बदलापूर गावात गेले होते. तिथली एक म्हातारी पायांसाठी तेल काढून देते असं कुणी सांगितलं होतं. तिच्या शेजारच्या अंगणात खांबाला कुत्रा बांधलेला होता. मला बघून उठला. डाव्या कानामागे शेंदरी ठिपका. मी तिथेच धुळीत बसले. आतून मोतीबाई बाहेर आली, ते तिच्या बहिणीचं घर होतं. मला बघून ती रडायलाच लागली. म्हणाली, "बाय, तुज्याशी खोटं बोललो आमी. त्या दिवशी सांजला बघते तर कुत्र्याला कुनी शेंदूर लावलेला! बलीच्या बोकडाला लावतात तसा. माजी जाव जमिनीवरून जलते, तिचीच करनी. भगत बोलला, याला घराबाहेर काढ, डाग पुसू नको, दोन अमावास्या कुनाला ठिकाना सांगू नको. म्हनून त्याचा भाव नेऊन बांधला. तुजी पोर वाचावी म्हनून मीच हरिला शपथ घ्यायला लावली, ठिकाना फुटला असता तर हा मेला असता आनि तुजी पोर पन." मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "करनी आमच्यावर होती. तुजे लेकराने घेतली ग."

त्या वेळी बोलायला हवं होतं. ती करणी नव्हती, मोतीबाई, माझा प्रायमर होता. एवढंच वाक्य होतं. मी तिच्या हातातून हात सोडवले, तेलाची बाटली घेतली आणि निघाले. वाटेत स्वतःला समजावलं की सांगून आता पाय थोडाच बरा होणार. अमावास्या उलटल्यावर तिने टायगरला परत आणलं, डाग कात्रीने कापून. तुला आठवतो तो "दुसरा टायगर"? तू म्हणायचीस, हा चांगला आहे, हा चावत नाही, आणि कुंपणातून त्याला ग्लुकोजची बिस्किटं द्यायचीस. तो दुसरा नव्हता. मी खिडकीतून बघत राहायचे आणि तुला हाक मारून आत घ्यायचे. मोतीबाई मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत जावेशी एक शब्द बोलली नाही, माझ्या मयतालाही तिला येऊ देऊ नका, असं सांगून गेली. ते पातकही माझ्याच खात्यावर.

आता तुझ्या पत्राबद्दल. तुमच्या मायक्रोबायोलॉजीच्या सरांनी कुत्रा चावलेल्या पन्नास लोकांची माहिती गोळा करायला सांगितलीय, आणि पहिला फॉर्म तू स्वतःचाच भरलास. पेन्सिलीने. गाव, वय, जखमेची जागा, सगळं बरोबर आहे. "दहाव्या दिवशी कुत्र्याची स्थिती" या रकान्यात तू "मेला" लिहिलंस आणि पत्रात एकच ओळ: आई, नक्की कितव्या दिवशी ते सांग, सर वर्गात माझीच केस घेणार आहेत, वेळेवर इंजेक्शनं दिली तर माणूस कसा वाचतो ते सांगायला. मी चार दिवस तो फॉर्म घेऊन बसले. बुधवारी "पाचव्या दिवशी" असं पोस्टकार्डावर लिहून पेटीपर्यंत जाऊन आले. पण तुझ्या वर्गातली पोरं उद्या कुणाच्या तरी लेकराला हे सांगतील, आणि तुझ्या पायाचं कारण तू त्या कुत्र्यात शोधत राहशील. तो रकाना मी पेनने दुरुस्त करून सोबत पाठवतेय. बाबांना मी रात्री सांगणार आहे, तोवर हे पत्र पेटीत पडलेलं असेल, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तू सुट्टीला येशील की नाही, हे मी विचारत नाही. दहाव्या दिवशी कुत्र्याची स्थिती: जिवंत. इंजेक्शनांची संख्या: अकरा. माहिती देणारी: रुग्णाची आई.

तुझीच,
आई