ग्लोरिबेलच्या नावावरची कामं

३ फेब्रुवारी, सोमवार

बोहोल बेटावरून बोटीने सेबू शहरात आले. पहिला दिवस चांगला गेला, हे लिहून ठेवायला हरकत नाही. सॉफ्टवेअर कंपनीतली ही नोकरी मारिविकमुळे मिळाली. कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसायचो, आणि बोहोल सोड, इकडे ये, म्हणून ती केव्हाची मागे लागली होती. टेबल खिडकीजवळचं मिळालं. दुपारी सगळ्यांनी मिळून न्गोह्योंगचे तळलेले रोल आणि पुसो, म्हणजे पानात शिजवलेला भात, मागवले. आमच्या टीमचे प्रमुख रेनान्ते, ज्यांना सगळे कुया म्हणजे दादा म्हणतात, ते म्हणाले, बोहोलची माणसं आधी जेवतात आणि मग नाव सांगतात असं ऐकलंय, खरं का? मी आधी जेवले, मग नोएमी म्हणून सांगितलं. सगळे हसले.

जुन्या नोकरीत कुठलं काम कुणाकडे अडलंय हे विचारत मजले चढावे लागत. इथे भिंतीवरच्या पडद्यावर बोर्ड आहे. प्रत्येक कामाचं एक कार्ड, कार्डावर करणाऱ्याचं नाव. ते 'करायचं'मधून 'चालू'मध्ये जातं, शेवटी 'झालं'मध्ये. मला अशी व्यवस्था आवडते. तिच्यात खोटं बोलायला जागा नसते.

बोर्डावर एक नाव ग्लोरिबेलचं आहे. वयाने मोठी, म्हणून सगळे तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणत. नोव्हेंबरात डेंग्यूने गेली. माझी खुर्ची तिचीच. मारिविक म्हणाली, गेलेलं माणूस चाळीस दिवस आपल्यातच असतं, तोवर नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. आणि मग कुणाचा हातच धजला नाही. हे लोक बरे वाटले मला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पुढच्या दोन आठवड्यांच्या कामाची आखणी झाली. कोण किती काम उचलणार याच्या बेरजेत कुया रेनान्तेंनी ग्लोरिबेलचाही वाटा धरला. मी चूक दाखवली. जोनविक नावाचा इंजिनिअर, जो एरवी थट्टेतून कुणाला सोडत नाही, तो खाली बघत राहिला. कुया म्हणाले, बाई, हिशेबाची पक्की आहेस ते कळलं, पण पहिल्याच आठवड्यात माझी खुर्ची नको ओढूस. मारिविकने विषय बदलला. आकडा तसाच राहिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ग्लोरिबेलची कार्डं 'झालं'मध्ये जाताहेत. कोड उघडून पाहिला. नीटनेटका आहे, माझ्यापेक्षा चांगला. कोण लिहितं असं विचारलं तर कुयांनी दारावरच्या सान्तो निन्योकडे, बाळ येशूच्या मूर्तीकडे, बोट दाखवलं आणि म्हणाले, आमच्यात एकटा तोच पगार मागत नाही. सगळे हसले. मारिविक सगळ्यांत उशिरा हसली.

माझी स्वतःची कार्डं 'चालू'मध्येच अडून आहेत. काल दुपारी मी नेमकं काय केलं, ते आठवत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नोंदी तपासल्या. ग्लोरिबेलचं सगळं काम माझ्याच संगणकावरून झालंय. दुपारी, मी खुर्चीत असताना. परवलीचा शब्द बदलला, फरक पडला नाही. जेवून उठलं की थेट संध्याकाळ होते आणि बोटं दुखत असतात.

हे फक्त मारिविकला सांगितलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, नवी जागा, नवं पाणी, होतं गं असं. जरा झोप काढ, आणि उगाच चारचौघांत बोलू नकोस. मला धीर आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जोनविकला खालच्या खानावळीत गाठलं. आधी त्याने थट्टा केली, मग बोलला.

त्या चाळीस दिवसांत जो कुणी तिच्या खुर्चीत बसे, त्याच्या हातून तिची कामं होत. सगळ्यांना वाटलं, निरोप घेतेय बिचारी. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा झाली, नाव काढायचं ठरलं. कुया म्हणाले, एवढं एक काम ग्राहकाच्या हातात पडू दे. मग त्याच्या पुढचं. खुर्चीत जोनविकला बसवलं. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत पोर त्याच्या कडेवर आहे; तो दिवस त्याच्या आठवणीतच नाही. त्याने यापुढे त्या खुर्चीत बसायला नकार दिला. नवं माणूस हवं होतं. मारिविक म्हणाली, माझ्या माहितीत आहे एक. काटेकोर आहे, कमी बोलते, तक्रार करायची नाही.

हे तिचेच शब्द का, असं मी पुन्हा विचारलं. हो म्हणाला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आढाव्याची बैठक. काय जमलं, काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं, असे तीन रकाने. 'थांबवायचं'खाली मी लिहिलं: ग्लोरिबेलचं नाव काढा. त्या रकान्यात माझी एकटीचीच चिठ्ठी. 'चालू ठेवायचं'खाली मारिविकची चिठ्ठी: नोएमीची जागा बदलू नका. बाकीच्यांनी त्या चिठ्ठीवर पसंतीचे लाल बदामाचे स्टिकर चिकटवले. जोनविकनेही.

नंतर जिन्यात मारिविक रडली. म्हणाली, मानांग माझी कोण होती तुला काय माहीत. दुपारी तुझ्या शेजारी बसते तेव्हा ती असते गं, अगदी तशीच गुणगुणते. आणि तुझी फक्त दुपारच तर जाते.

मी तशीच जिना उतरले. मी कमी बोलते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला गेले नाही. राजीनामा पाठवला, पिशवी भरली. बंदरावर रांगेत उभी आहे. पलीकडे बोहोलची बोट लागली आहे. वारा चांगला आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

खुर्चीत आहे. पिशवी टेबलाखाली. तिकीट न फाडलेलं.

मारिविक म्हणते, सोमवारी जेवणाच्या वेळी तू आपल्या पायांनी चालत आलीस. तिची कार्डं 'चालू'मध्ये होती ना, हातातलं काम अर्धं टाकून मानांग कधी गेली नाही.

नाव काढण्याचा अधिकार फक्त कुयांना. त्यांना विनवलं. म्हणाले, मी कोण, टीमने ठरवायचं. सगळ्यांना उभं करून विचारलं. एकही हात वर झाला नाही. मारिविक नखं बघत होती.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राखेचा क्रूस आहे. मी चर्चला गेले नव्हते.

म्हणजे आता सकाळही —

मारिविकने मला मानांग म्हणून हाक मारली. आम्ही एका वयाच्या. मी म्हणाले, मी नोएमी. ती लाडाने हसली, लहान मूल काहीतरी बोललं की हसतात तशी. चॉकलेटचा पेला पुढे ठेवला, खूप गोड. मला गोड चालत नाही. पेला रिकामा आहे.

७ मार्च, शुक्रवार

नव्या आखणीत माझं नाव नाही. कुया म्हणाले, एकाच माणसाला दोनदा कशाला मोजायचं.

सकाळच्या बैठकीत माझी पाळी आली. सांगणार होते की मला जाऊ द्या. तोंडातून निघालं, काल अडलेलं सोडवलं, आज पुढचं घेते. टाळ्या. जोनविक बाहेर निघून गेला —

थोडाच वेळ आहे. उजवा हात अजून माझा —

आईचा फोन वाजतोय. मारिविकने उचलला. मावशी, कशा आहात, म्हणतेय. कामात आहे हो ती, आता तुम्ही काळजी सोडा, मी आहे ना तिच्याजवळ —

आई तिच्यावर विश्वास ठेवतेय. हसतेय. आवाज इथवर येतोय —

आई, ठेवू नकोस. तिला म्हण, फोन नोएमीला दे, म्हण की मला तिचा आवाज —