कमी फटक्यांचा नवस

बर्मिंगहॅम, १२ ऑगस्ट १९८५

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र मिळालं. आई गेल्यापासून गावी आलो नाही, हे खरं. या भाऊबीजेला येईन म्हणतो, पण ते गोल्फवर टांगलं आहे. पुढच्या महिन्यात इथल्या मैदानावर युरोप आणि अमेरिका यांचे बारा-बारा खेळाडू तीन दिवस झुंजणार. काठीने चेंडू मारत लांबच्या भोकात घालायचा, असा खेळ. सत्तावन्न सालापासून अमेरिका हरलेली नाही. कारखान्याचे साहेब हसत म्हणाले, की युरोप जिंकला तर दिवाळीला महिनाभर घरी जा.

लोभ आहे तेवढा ठेव, राग थोडा कमी कर.
तुझा, रूपा

आंजी (मोठी), २४ ऑगस्ट

चि. रूपरावास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मारुतीला गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा नवस बोलून आले. परदेशातलं देवाला नीट समजावं म्हणून फोडून सांगितलं, की युरोपच्या पोरांकडून अमेरिकेपेक्षा दुप्पट फटके बसू देत. सासूबाई म्हणाल्या, तिप्पट मांग, देवाले का कमी हाय? तुझे भाऊजी मात्र गोठ्यातूनच ओरडले, की रजा मांगाले बारा गोरे काऊन लागते, याच्या तोंडात जीभ नाई काय? त्यांचं मनावर घेऊ नकोस. पण रूपा, साहेबांना कधी सरळ विचारलंस का रे?

पत्राला उशीर करू नये, जेवणाला तर नाहीच.
तुझी, कोकिळाताई

बर्मिंगहॅम, ३ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

ताई, घात केलास! या खेळात ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो. तेरा तारखेला सामने सुरू होतात. हे पत्र मिळताच देवळात पळ.

साहेबांना विचारलं नाही. ते नाही म्हणाले तर सुटलो, असंही कधी वाटायचं. आई नसलेल्या आपल्या रोहणा गावच्या घरात पाय कसा टाकायचा, ते कळत नाही.

घाईत, पण प्रेमाने,
रूपा

आंजी, १५ सप्टेंबर, तान्हा पोळा

चि. रूपास आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोळ्याच्या गडबडीत पोस्टमनने यांच्या हाती दिलं आणि हे ते टोपीत ठेवून विसरले. आज वाचलं, तशी हाताचं पीठ न धुता पळाले. देवळापुढे पोरांचे लाकडी बैल रांगेत उभे, डफड्यांचा कल्लोळ. मारुतीला ओरडून सांगावं लागलं, की आधीचं विसर, फटके कमी होऊ देत. पोरांनी तेच आरोळीसारखं उचललं. शेजारची तानाबाई म्हणाली, देव चक्रावला असंन, रोडगे वाढव.

हरलात तरी ये. आधी माझ्याकडे उतर, मग आपण दोघं मिळून रोहण्याला जाऊ.

माया आहेच, ती वेगळी काय लिहू.
ताई

बर्मिंगहॅम, १७ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! शुक्रवारी मागे होतो, ते तुझ्या दुप्पट फटक्यांमुळे असणार. शनिवारी पुढे सरकलो, रविवारी मैदानभर लोक नाचले.

पण रजा त्याआधीच मिळाली. भाऊजींचं बोलणं टोचत होतं. शनिवारी साहेबांबरोबर सामना बघताना धीर करून विचारलं. त्यांनी चेंडूवरची नजर न काढता जा म्हटलं, वर म्हणाले, हा माणूस घरी का जात नाही याचं सगळ्या कारखान्याला कोडं होतं. तिकीट काढलं आहे. आता नवस फेडायचा की नाही, ते तू ठरव.

येतो आहे, म्हणून लोभ समोरच मागेन.
रूपा

आंजी, २८ सप्टेंबर

चि. रूपास पोटभर आशीर्वाद.

गाव म्हणतं, मारुतीने अमेरिका पाडली. हे म्हणतात, गोरे स्वतःच्या हातानं जिंकले, आपल्या पोरानं तोंड उघडलं त्याचे रोडगे घाल. मी दोन्हींचे घालणार आहे.

वर्ध्याच्या स्टेशनावर हेच येतील. मला तिथे रडू आलं तर लोक बघतील. रोहण्याला दुसऱ्या दिवशी जाऊ. कुलूप मी काढीन. आई गेल्यापासून मीही आत गेलेली नाही. उंबऱ्यावर माझा हात धर.

तुझी वाट बघणारी,
ताई