बाईंचा मुलगा

प्रिय राजा,

तुझा सत्राचा तक्ता मिळाला. "आई, जरा नजर टाक, काही राहिलं असेल तर सांग," अशी चिठ्ठी तू वर लावली होतीस. नजर टाकून झाली, एकदा नाही, चारदा. सकाळपासून हे पत्र लिहायला बसते आहे आणि उठते आहे. एकदा दूध बघायला उठले, एकदा वाळत घातलेले कपडे चाचपायला, आणि एकदा तर उगाचच. शेवटी तुझे बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, बूड टेकव की जरा! भिंगरी नातीचं नाव आहे, तुझं नाही." तेव्हा आता दार लोटून बसले आहे.

आधी तक्त्याबद्दल. पाचवीला शिकवणाऱ्या माणसाला अचानक दुसरीचा वर्ग दिला, तर तो जसा करेल तसाच तू केला आहेस, म्हणजे नीटनेटका आणि जरा घाईचा. हातच्याची बेरीज, जोडाक्षरं, घड्याळ, लांबी मोजणं, ओल्या कापसावर बी रुजवणं, 'माझे कुटुंब'. सगळं आहे. पण घड्याळ तू तीन दिवसांत उरकणार म्हणतोस. तीन दिवसांत मुलांना फक्त तासकाटा कळतो रे. मोठा काटा पाचावर आला की पाच मिनिटं झाली, असं निम्मा वर्ग सांगेल, आणि छातीठोकपणे सांगेल. आठवडा दे. लांबी शिकवताना पट्टी पहिल्या दिवशी काढूच नकोस. टेबल वितीने मोजायला लाव. कुणाचं नऊ विती भरेल, कुणाचं बारा. भांडण होईल, होऊ दे. चांगलं रंगलं की मग पट्टी काढ, म्हणजे पट्टी कशासाठी असते ते सांगावं लागत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आणि मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे, हे मला कळतं. पण तू विचारलंस म्हणून.

खरं तर ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. तक्त्यात एक गोष्ट राहिली आहे, आणि ती कशी सांगावी हे सुचत नाही म्हणून मी उठबस करते आहे.

रविवारी तुझा फोन आला. दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, वर्गाची एकच तुकडी, त्यामुळे पुढच्या सोमवारपासून भिंगरी तुझ्याच वर्गात, हे तू हसत हसत सांगितलंस. मागे तिचा आवाज येत होता. "सर, पाणी पिऊ?" "सर, मी पुसू फळा?" तू म्हणालास, "ऐकलंस ना? तालीम चाललीय. तिला सांगून ठेवलंय, वर्गात बाबा म्हणायचं नाही. तुझाच नियम, आई." सूनबाई हसली, बाबा हसले, मीही हसले. फोन ठेवला आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

तू दुसरीत आलास तेव्हा माझंही असंच झालं होतं. एकच तुकडी, आणि मी वर्गशिक्षिका. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुझ्या बुटांचे बंद बांधता बांधता मी तुला सांगितलं, "वर्गात मला आई म्हणायचं नाही. सगळे म्हणतात तसं बाई म्हणायचं." तू विचारलंस, "आणि डबा खाताना?" मी म्हटलं, "तेव्हाही." फाटकापासून फाटकापर्यंत बाई. तुला इतर मुलांपेक्षा काही वेगळं मिळू नये, एवढाच माझा हेतू होता. 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' असं कुणी म्हणू नये म्हणून मी म्हण उलटी करून ठेवली. तुझं गणित बरोबर आलं की मी पुढच्या वहीकडे वळायची. तुझा हात वर असला की मागच्या बाकावरच्या मुलीला विचारायची. तुला प्रगतिपुस्तकात दिलेले गुण मी स्वतः दोनदा तपासले, आणि दोन्ही वेळा एखादा कमी केला.

तू पटकन शिकलास. वर्गातल्या निम्म्या मुलांना हातचा मिळवायचं लक्षात राहत नव्हतं, पण तू एकदाही चुकलास नाहीस, ना हातच्यात ना नियमात. उलट घरी जेवताना "बाई, पाणी" म्हणालास, आणि तुझ्या बाबांना हसता हसता ठसका लागला. त्या सत्रातच 'माझे कुटुंब' आलं. एकेकाने उभं राहून सांगायचं होतं. तुझी पाळी आली तेव्हा खिडकीकडे बघत तू म्हणालास, "माझी आई शाळेत शिकवते. ती सकाळी लवकर उठते. तिला वेळ नसतो." दूर कुठे राहणाऱ्या बाईबद्दल सांगावं तसं. मुलांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "छान. पुढचा."

आता त्या दिवसाबद्दल. तू तो किस्सा इतक्यांदा सांगितला आहेस की लोकांना पाठ झालाय. माझ्या निरोपसमारंभात तर तू तो माइकवर सांगितलास. लहान सुट्टीत पायऱ्यांवरून पडलो, मनगटाचं हाड मोडलं, वर्गात आलो तर बाईंच्या टेबलापाशी वह्या तपासायची रांग, मी आपला रांगेत उभा! पाळी आल्यावर म्हटलं, बाई, हात दुखतोय. बाई म्हणाल्या, जागेवर बस, मोठ्या सुट्टीत बघू. मग मी बसलो आणि डाव्या हाताने आठ बेरजा केल्या. अशी आमच्या आईची शिस्त! सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान खाली घालून हसले, आणि लोकांना तो विनय वाटला.

राजा, त्या किश्शात एक गोष्ट तुला माहीत नाही. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, तुझ्या बाबांनाही नाही. तू समजतोस की मला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. तू दारातून आत आलास तेव्हाच कळलं. तुझे ओठ पांढरे पडले होते आणि उजवा हात तू डाव्या हातात धरला होतास. रांगेत तुझ्यापुढे चार मुलं होती. मी त्या चौघांच्या वह्या तपासल्या, एकेक ओळ वाचली, एकेक शेरा दिला, आणि प्रत्येक वहीच्या वरून तू मला दिसत होतास. त्याच आठवड्यात फाटकाशी एका मुलीची आई दुसरीला म्हणाली होती, "बाईंचाच मुलगा, पहिला येणारच." मला ऐकू जाईल असं म्हणाली होती. तुझ्यापुढे चौथ्या नंबरला तिचीच मुलगी उभी होती. मी उठून तुला जवळ घेतलं असतं, तर ते संध्याकाळपर्यंत फाटकाशी पोचलं असतं. एवढ्यासाठी, राजा. फाटकाशी उभ्या असलेल्या दोन बायकांसाठी मी तुला जागेवर बसवलं.

आणि तू बसलास. दुसऱ्या कुणाही मुलाने भोकाड पसरलं असतं, आणि त्याला मी धावत जाऊन उचललं असतं, हे तुलाही माहीत आहे. मोठ्या सुट्टीपर्यंत तुझं मनगट पावासारखं फुगलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, "बरोबर कोण आलंय?" तू माझ्याकडे बघून म्हणालास, "आमच्या बाई." डॉक्टर मला म्हणाले, याच्या घरी कुणाला कळवलंय का?

तुझं प्लास्टर दीड महिन्याने निघालं. मी मात्र नियम काढला नाही. सत्र संपेपर्यंत तू बाईच म्हणत राहिलास. त्यानंतर तू पुन्हा आई म्हणायला लागलास खरा, पण तुला ताप आला की तू बाबांना हाक मारायचास, आणि बारावीत नापास झाल्याचंही आधी त्यांनाच सांगितलंस. अजूनही तू फोनवर "आई" म्हणण्याआधी जरा थांबतोस, असं मला वाटतं. माझ्या मनाचे खेळ असतील. बाबांना विचारलं तर म्हणतील, लाइन खराब असते.

तर तक्त्यात राहिलेलं ते हे. सत्रात मुलं काय काय शिकतात ते आपण तक्त्यात मांडतो, महिन्यांच्या खाली खुणा करतो. पण आपण न मांडलेलंही ती शिकत असतात, आणि ते त्यांच्या डोक्यातून पुसलं जात नाही. घड्याळ तू केव्हातरी शिकलाच असतास. दुखलं तरी रांगेत उभं राहायचं, आणि आईला हाक मारायची नाही, हे तुला मी शिकवलं. तुला ते किस्सा म्हणून आवडतं, कारण आईचं कौतुक करायला तुला तेवढंच सापडलं. माझा तुझ्यावर जीव होता, फार होता, आणि तो चौघांत दिसू नये यासाठी मी जिवाचा आटापिटा केला. मी चुकले, राजा. मला माफ कर.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहिते आहे, आणि सोमवारच्या आत पोचावं म्हणून बाबांना आत्ताच टपालपेटीकडे पिटाळते आहे. सोबत तुझ्या वहीतलं एक पान आहे. तारीख बघशील तर कळेल. आठही बेरजा बरोबर आहेत, आकडे मात्र वाकडेतिकडे, कारण ते डाव्या हाताचे आहेत. खाली लाल शाईत "अक्षर गचाळ. पुन्हा लिही." असा शेरा आहे, तो माझा. ते पान मी एकतीस वर्षं कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं. आता ते तुझ्या टेबलाच्या खणात ठेव. भिंगरी तालमीत कितीही पक्की असली तरी सात वर्षांची आहे. कधीतरी ती पडेल, नाहीतर घाबरेल, नाहीतर नुसतीच विसरेल, आणि भर वर्गात "बाबा!" म्हणेल. पोरं हसतील. फाटकाशी कुणी काही बोलेल. तू हातातली वही खाली ठेव आणि तिला ओ दे.

तुझीच,
आई