तिरक्या पंखाचं विमान

सोमवार, ८ जानेवारी

माझ्याच घरात मला म्हणती, "अक्का, जरा उजेडातनं सरा." सरले. चहाचा कप तिथंच आपटला अन् सरले. बोटाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यांना उजेड लागतो म्हणं!

ही रतन. माझी धाकटी जाऊ. बारामतीला शाळेत बाई होती, आता रिटायर. रोज सकाळच्या एसटीनं हितं सणसरला येती अन् माझ्या नवऱ्याबरोबर विमान बनवती. थोरला दीर हाय तो तिचा! डोक्यावर पदर न्हाय, खुर्चीला खुर्ची लावून बसती. तिचा नवरा तिकडं धडधाकट, स्कूटरवरनं भाजी आणतोय. त्याला बनव की विमान.

डॉक्टरनं ही वही दिली ती ह्यांची बीपी लिहायला. १४०-९०. लिहिली. उरलेलं पान माझं.

मंगळवार, ९ जानेवारी

१३८-८८.

दिवाळीच्या मागनं ह्यांना झटका आला. (नाव लिहिणार न्हाय. पन्नास वर्षांत तोंडानं घेतलं न्हाय, वहीत कशाला?) उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. साखर कारखान्यात जन्मभर फिटर होता हा माणूस, आता सदऱ्याचं बटण मी लावते. डॉक्टर म्हणाला, "आजी, हाताला बारीक काम द्या अन् त्यांच्याशी बोलत राहा. शब्द येतील." मी गवार निवडायला दिली असती. पण नात निकितानं पुण्यासनं खोकं धाडलं. विमानाचं. आजोबाला याड हाय ना! बारामतीची शिकाऊ विमानं उसावरनं गेली की हे सायकल थांबवून मान वर करून उभे. डबा गार व्हायचा.

खोक्यातला कागद सगळा इंग्रजीत. मी तिसरी शिकलेली. म्हणून रतन.

बुधवार, १० जानेवारी

१४०-९०. आज हसले. माझ्याकडं बघून न्हाय.

शुक्रवार, १२ जानेवारी

बीपी घ्यायची राहिली.

तुकडे एका चौकटीत चिकटलेले असतात. नेलकटरनं तोडायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, मग डिंक. ह्यांचा उजवा हात थरथरतो. रतन त्याच्यावर आपला हात ठेवती. "हं दादा, दाबा. शाब्बास!" मी समोर बसून लसूण सोलत होते. सालं कुठली अन् पाकळी कुठली, ध्यान राहिलं न्हाय. सगळं एकातच.

मग तिनं कागद वाचला - नाकात वजन घाला, न्हायतर विमान शेपटीवर बसंल. रुपया घालून बघितला. माईना. खडा घालून बघितला. खुळखुळ वाजाया लागला. मी उठले, माळ्यावरनं ह्यांचा पत्र्याचा डबा काढला, सायकलचे छर्रे आणून पुढ्यात ओतले. बरोब्बर बसले! हे डब्याकडं बघतायत, माझ्याकडं बघतायत.

"कमाल केलीत, अक्का!"

तुझ्या शाबासकीवाचून अडलंय माझं. तो डबा तीस वर्षं मीच पुसतेय.

सोमवार, १५ जानेवारी, संक्रांत

१३६-८६.

रतननं तिळगूळ दिला. घेतला. गोड बोलायचं तेवढं राहिलं.

विमान झालं म्हणे. मी बघितलं तर पंखच तिरका! एक टोक पुढं नाकाकडं, दुसरं मागं शेपटीकडं. माळवदावर फळी वाकडी पडावी तसा. लहान पोरबी सांगंल चुकलंय म्हणून. अन् ही टाळ्या वाजवती! "एकदम करेक्ट, दादा!"

म्हणजे हा आजारी माणूस, हात वाकडा चालला, तरी हिनं वा वा करायचं. खुशमस्करी! ह्या माणसानं कारखान्यात केसाएवढा फरक खपवून घेतला न्हाय. उद्या चार माणसं बघून हसतील. ही तर एसटीत बसून जाईल.

मंगळवार, १६ जानेवारी

दुपारी हे झोपले, रतन यायची होती ती आली न्हाय. पंख सैलच राहिलेला, मी तो नीट सरळ केला अन् खालनं चपलीचं सोल्युशन भरलं. दाबून धरला. आता कसं विमान दिसतंय! ह्यांची अब्रू राखली. कुणाला सांगायचं न्हाय.

बुधवार, १७ जानेवारी

कसलं काय.

हे उठले, चहाच्या आधी विमान घेतलं, बोटानं पंख ढकलला. हलंना. परत ढकलला. तोंड असं झालं की मला बघवंना.

रतन आली. उलटंपालटं करून बघितलं, वास घेतला. "अक्का, हे कुणी केलं?"

"मांजरीनं."

"मांजर चपलीला सोल्युशन लावती व्हय?" शाळेतली बाई ती, पोरांची असली उत्तरं रोजची. मग कागदावरचं चित्र दाखवलं. असं खरंखुरं एकच विमान परदेशात बनवलेलं, नुसतं बघायला, की जमतंय का. जमिनीवरनं उठताना पंख सरळ. वर गेलं की मधल्या खिळ्यावर फिरायचा, कात्रीसारखा तिरका व्हायचा. "पडंल असं वाटतं, पण पडत न्हवतं. पार अर्ध्या काटकोनाच्या वर पंख तिरका करून उडवलं. दादांना त्याचंच कौतुक हो!"

हे मला कुणी सांगितलं? दोघं महिनाभर गुलुगुलू बोलतायत - म्हणजे ती बोलती, हे मान हलवतात - मला एकानं बोलावून दाखवलं असतं तर?

ह्यांनी विमान लोटून दिलं. भिंतीकडं तोंड केलं.

१५०-९६.

गुरुवार, १८ जानेवारी

हात हलवत न्हायत. रतननं बॉल दिला, पेन दिलं. कशालाच शिवले न्हायत. डॉक्टर फोनवर म्हणाला, असं पडून राहिले तर हात कायमचा जाईल. ऐकलं. १५२-९६.

शनिवार, २० जानेवारी

रतनला निरोप धाडला, आज येऊ नको.

गोधडीचा जाड दोरा घेतला. पंखाखाली घातला अन् करवतीसारखा ओढाया लागले. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. विमान हातात ठरंना, सारखं निसटायचं. रस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चाललेल्या, मी आपली घासतेय. चार वेळा दोरा तुटला. मी म्हटलं, "बघताय काय? मी केलंय, मीच काढतेय. मांजर न्हवती." हे भिंतीकडंच.

पाचव्यांदा दोरा ओवला तवा विमानाचं पोट कुणीतरी धरलं. उजव्या हातानं! थरथरत, पण धरलं. मी वर बघितलं न्हाय. वर बघितलं की सोडतील म्हणून. तासभर ओढत होते. सोल्युशनच्या वळ्या निघाल्या अन् पंख सुटला. ह्यांनी बोट लावलं. फिरला!

माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. दोन महिन्यांनी आवाज आला.

"रतन."

मी होते समोर. मी! दोरा माझा, बोटं कापलेली माझी. पन्नास वर्षांत ह्या माणसानं मला नावानं हाक मारली न्हाय. अगं, ए, ऐकलं का - एवढंच. अन् पहिल्यांदा नाव निघालं ते हिचं.

भांडी घासली. घासलेली परत घासली.

रविवार, २१ जानेवारी

कुणाला सांगितलं न्हाय. निकिताचा फोन आला, म्हटलं बरे हायत. मशीन माझ्या दंडाला लावून बघितलं. १६८.

मंगळवार, २३ जानेवारी

सांगावं लागलं. सकाळी पाण्याच्या तांब्याकडं बोट - "रतन." म्हशीकडं बघून - "रतन." बीपीच्या मशीनला "रतन". रतन हसून हसून खाली बसली, मग डोळे पुसले. तिनंच डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "रोज कानावर जो शब्द पडतोय तोच सापडला. आता सगळ्याला तोच वापरतील. हळूहळू दुसरे येतील. पण हाक मारली की ओ द्या. कुणी ओ दिली न्हाय तर परत गप होतील."

रोज कानावर कोण घालत होतं तो शब्द? मीच. "रतन, चहा घे. रतन, पदर घे. रतन, पुरे झालं आता." सकाळपासनं संध्याकाळपर्यंत.

म्हशीच्या वतीनं दोन वेळा ओ दिली मी.

गुरुवार, २५ जानेवारी

१३४-८४. सकाळी बटण लावत होते. उजव्या हातानं मनगट धरलं - घट्ट, चांगलं दुखलं - अन् म्हणाले, "रतन." तांब्याकडं न्हाय, विमानाकडं न्हाय, माझ्याकडं बघून. दारातनं रतन म्हणाली, "ओ, दादा!" तिला तिथंच थांबवलं, म्हटलं: तू बारामतीची रतन. हितं ह्यांनी रतन म्हटलं की ओ मी देणार. तू तोंड उघडायचं न्हाय.