पाच पानं आणि एक सही

प्रिय धाकट्या,

तुझं निमंत्रण मिळालं. शनिवारी सकाळी दहाला सभा, तुला शाळेचा आजीव संचालक करणार, आणि तुझ्याबद्दल चार शब्द मी बोलायचे. वर तुझ्या हातची ओळ, 'ताई, तू बोललीस की सभा जिंकली.' जिंकली म्हणजे कोणी, ते तू लिहिलं नाहीस.

गेल्या महिन्यात माझी दाढ ठणकायला लागली. शेजारणीने सांगितलेल्या दवाखान्यात गेले, तर दंतवैद्य कोण? आपल्या शाळेतली प्रश्नचिन्ह! आठवते ना? तासाला निदान सात प्रश्न विचारणारी, दुर्बिणीसाठी तुझ्या खोलीबाहेर धरणं धरून बसलेली. मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला आणि म्हणाली, "बाई, आज तुम्ही बोलायचं नाही. आज मी." मग खणातून एक कागद काढून तिने माझ्या डोळ्यांसमोर धरला. मोठ्या महाविद्यालयाने जुने अर्ज ज्याचे त्याला परत दिले, त्यात तिला हा सापडला होता. 'हुशार, पण उर्मट. वर्गाची शिस्त बिघडवते. शिफारस करता येत नाही.' खाली माझी सही. ती म्हणाली, "समोर एक वाचून दाखवलंत, पाकिटात दुसरंच घातलंत. मला तारे बघायचे होते, बाई. आता दाढा बघते. का केलंत, एवढंच सांगा." आणि मला, भर चौकात तास तास बोलणाऱ्या बाईला, घशातून नुसता 'आँ' काढता आला. कापूस निघाल्यावर मी शपथा घेतल्या, की हे मी लिहिलेलं नाही. तिने हात धुतले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

धाकट्या, ती शाळा आपण कशावर उभी केली? बंद पडलेल्या छापखान्याच्या दोन खोल्या, फरशीवर शाईचे डाग, अकरा मुलं, आणि एक हट्ट. गुण द्यायचे नाहीत. प्रत्येक मुलाविषयी एक पान लिहायचं, ते आधी त्याला वाचून दाखवायचं, त्याला पटलं नाही तर खाली त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं, आणि तेच पान महाविद्यालयाला पाठवायचं. लोक हसायचे. म्हणायचे, बहीण-भावाने पोरांचा खेळ मांडलाय. मी गावोगाव सभा घेऊन सांगत फिरले, की आकड्याने माणूस मोजणं हा अन्याय आहे आणि आमच्या शाळेत मुलाच्या पाठीमागे एक अक्षर लिहिलं जात नाही. छातीवर हात ठेवून सांगितलं रे मी! आणि माझी सभा चालू असताना तू कचेरीत बसून पाकिटांतली पानं बदलत होतास.

सही बघताक्षणी मी तुला ओळखलं. शाळेत नापास झालास की बाबांची सही तूच ठोकायचास, आणि बाबांनीच केली म्हणून मास्तरांपुढे मी डोळे मोठे करून सांगायचे. तुला मार बसू नये म्हणून. तुझ्या हाताला ते वळण लावण्यात माझाही हात आहे. तो हिशेब मी माझ्याशी करेन. त्याच्या आडोशाला तू लपू नकोस.

नंतर मी गप्प बसले नाही. त्या वर्षीच्या सगळ्या मुलांना गाठलं, त्यांचे अर्ज मागवले, माझ्या कच्च्या वह्या माळ्यावरून काढून एकेक पान ताडून पाहिलं. पाच पानं बदललेली. पाचही मुलं अशी, की ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हतं. आणि महाविद्यालयाने आपल्या शाळेसाठी ठेवलेल्या दोन जागांवर गेले कोण? शाळेच्या अध्यक्षांचा भाचा, आणि आपल्याला वरचा मजला बांधून देणाऱ्या गृहस्थांची मुलगी. शाळा जगवायला केलं, असं म्हणशील. अरे, शाळा जगली म्हणजे काय जगलं? भिंती?

भाऊ म्हणून तुझ्यावर माया आहे आणि ती आटायची नाही, हेच माझं दुखणं आहे. पण मायेने मला आंधळी करायचं काम तू फार वर्षं करून घेतलंस. या महिन्यात मी रागाने जेवले आणि रागाने झोपले, आणि खरं सांगू, इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेव्हा ऐक. माझं भाषण छापायला आधी पाठव, असं तू कळवलं होतंस. भाषण नाही, हे पत्र आहे. त्या पाच जणांचे पत्ते मागच्या बाजूला लिहिलेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाचही दारांत स्वतः जायचं आणि आपण काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. ते क्षमा करतील की हाकलतील, हा त्यांचा प्रश्न. गेलास, तर शनिवारी मी तुझ्याबद्दल चार शब्दही बोलणार नाही, मुकाट बसेन. नाही गेलास, तर बोलेन, आणि एका हातात माझी वही, दुसऱ्या हातात तुझी पानं घेऊन बोलेन. पोट दुखतंय, अंग मोडलंय असले निरोप धाडू नकोस. सभा उचलून तुझ्या दारात आणीन. आणि एक कर. पहिल्या रांगेत पाच खुर्च्या राखून ठेव. तू जा किंवा जाऊ नकोस, ते येणार आहेत.

तुझीच, म्हणूनच तुला न सोडणारी,
ताई