पाण्यावर आलेलं चितळ

मोहटोला, ता. मुलचेरा
दि. १८ जानेवारी २०२४, गुरुवार

चि. हेमराज भावाले बाईचा आशीर्वाद.

सवयीनं लिहून टाकला. खोडत नाई, राहू दे. इथी सगळे बरे हायेत. तुह्या भाटव्यायचा, माह्या मालकाचा, गुडघा थंडीनं धरला हाये. सून चंचलले सातवा महिना लागला. तुहा फोन गावच्या मंडईच्या, जत्रेच्या, दुसऱ्या दिवसापासून बंद हाये, म्हणून वरोऱ्याच्या जिनिंगच्या पत्त्यावर कागद लिहून राह्यली. सगळ्याईसमोर फोडून वाचजो. माह्यं अक्षर वाकडं हाये म्हणून तू लहानपणापासून हासत आला. आता हास.

यंदाचं तुले माहीत हाये, तरी लिहिते. पोळ्यापासून पाण्यानं तोंड दाखवलं नाई. दिवाळीले नाला कोरडा. वरून पौषाची थंडी अशी, का सकाळी भांडे घासले तर बोटं आपली वाटत नाईत. जंगलातल्या गवताच्या काड्या झाल्या. चितळं तहानेनं गावच्या बोअरिंगवर याले लागली अन् कुत्र्याईनं दोन फाडली, माह्या डोळ्यादेखत. तवा मी अन् चैतूनं नाल्यात झिरा काढला. चैतू कोण हे विसरला असशीन, म्हणून सांगते. नाल्यापलीकडच्या टोल्यावरचा, त्या लहान वस्तीतला, गोंड म्हातारा. त्यानंच तुले पोहणं शिकवलं होतं.

त्यानं जागा दाखवली, जांभळाच्या मुळापाशी. रेती हातभर उकरली का खाली पाणी. माणसाचा झिरा खोल असते, पण हा त्यानं एका बाजूनं उतरता केला, पाडसाचे पाय घसरू नये म्हणून. रोज सकाळी आत पडलेली रेती उपसा लागते. एक दिवस तो उपसे, एक दिवस मी. त्याच्या टोल्याचा नेम असा का झिऱ्यावर उतरताना कुऱ्हाड वर मोहाच्या झाडापाशी ठेवाची. पाण्यावर आलेल्याले मारत नाईत. मी कुऱ्हाड तर सोड, विळाही खाली नेला नाई. वरच्या धानाच्या बांधीतलं लाखोळीचं पीक आमी राखणं सोडलं, खाऊ दे म्हटलं. एकोणीस चितळं होती, हेमराज. मी रोज मोजत होती. चार पाडसं होती त्यात.

अन् माह्यी अक्कल पाहा. मी तिथी दगडावर खडेमीठ ठेवाले लागली. चैतू म्हणला, "बाई, पाणी द्या, मीठ नोका देऊ. मिठानं जागा ठरते, वेळ ठरते. जनावरानं असं ठरवून येऊ नये." मी आयकलं नाई. मले वाटलं, म्हाताऱ्याले काय समजते! माह्यी चितळं कशी मीठ चाटाले येते, मान वर करून माह्याकडे पाह्यते अन् पुन्हा चाटते, याचं मलेच भारी कौतुक. त्याईची माणसाची भीती मीच मोडली.

मंग तू आला मंडईले. पाहुण्यानं घर भरलं, नाटकाचा मंडप पडला. मी तुले हाताले धरून झिरा दाखवाले नेलं. तू म्हणला, "वा बाई, तू तं मोठं पुण्याचं काम करून राह्यली." अन् लगेच विचारलं, "किती वाजता येते?" मी सांगतलं, दिवस कासराभर वर आला का येते, मिठाच्या दगडावर. कोणत्या वाटेनं येते तेही बोट दाखवून सांगतलं. माह्या जिभेले आग लागो!

घरी येऊन तू भाटव्यायले म्हणला, गाडीची क्लच वायर तुटली, जुनी असन तं द्या. त्यायनं हिरव्या टोपीची जुनी वायर काढून दिली. मंडईच्या दिवशी सकाळी तू थैलीभर मटण घेऊन आला. म्हणला, दोस्ताईनं बोकड पाडला, आपला वाटा.

लाज नाई वाटली का गा मुडद्या तुले? फाशाले बहिणीच्या घरचीच वायर? वरोऱ्यात मटण भेटत नाई का? उपाशी होता का तू? उपाशी माणसानं मारलं असतं तं मी एक शब्द बोलली नसती. तू दोस्ताईसमोर मर्दानगी दाखवाले मारलं. पाणी पेताना मारलं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी जंगलवाले आले. रेतीत पुरलेलं कातडं कुत्र्याईनं उकरलं होतं. बाजूले चैतूचं फावडं, अन् चैतू खाली वाकून झिरा उपसून राह्यला. त्यायले आणखी काय पाह्यजे? गोंड हाये, फावडं हाये, कातडं हाये. नेला उचलून. झाडाले अडकलेला फासा साहेबानं आमाले दाखवला. वायरीच्या टोकाले हिरवी टोपी होती. तुह्या भाटव्यायनं माह्याकडे पाह्यलं, मी खाली पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी चैतूची बायको इतवारी दारात आली. म्हणली, "बाई, आमच्या कुळाले चितळ चालत नाई. आमी त्याचं नाव घेऊन पूजा करतो, खात नाई. साऱ्या गावाले माहीत हाये. साहेब म्हणते, सगळे असंच सांगते. तुमी शेजारच्या, तुमी एकडाव सांगा ना, तो पाणी काढाले जात होता."

मी काय केलं असन? मी आत गेली अन् सुपात तांदूळ घेऊन आली. तिनं तांदळाकडे पाह्यलंही नाई. म्हणली, "मी मांगाले नाई आली, बाई." अन् गेली. इतकी शरम मले जलमात नाई वाटली, तरी मी गप्प. आज अकरा दिवस झाले. म्हातारा जेलात, अन् मी भाजी करून राह्यली, दळण दळून राह्यली.

चार दिवसांपासून हा कागद लिहाले बसते अन् तुले शिव्या देऊन उठते. कारण पुढचं लिहा लागते.

थैली उघडून मटणाले पाणी लावलं, तवाच मले समजलं. बोकडाचं असं राह्यत नाई. चरबीचा ठिपका नाई, रंग जांभळट, अन् वास येगळा. माह्ये हात थांबले होते. बाहेर ओसरीवर पंधरा पाहुणे बसले होते, तू मधात बसून हासत होता. आई गेली तवा तू चार वर्षांचा. मीच तुले पोसलं, तुह्यासाठी साऱ्या गावाशी भांडली. मले वाटलं, आता बोलली तं माह्या भावाची इज्जत जाते. मी मसाला वाटला. मी शिजवलं. चंचलले, पोटुशीले, दोन तुकडे जास्त वाढले. अन् सगळे उठल्यावर मी खाल्लं. तू विचारलं, "कसं झालं बाई?" मी म्हणली, चांगलं झालं.

म्हणून मी गप्प होती. तुह्यासाठी नाई. माह्यासाठी. ज्याचं कुळ चितळाले शिवत नाई तो जेलात, अन् चितळ खाणारी घरात.

झिऱ्यावर आता कोणी येत नाई. मी रोज उपसते. पाणी काचेसारखं भरून राह्यते अन् रेतीवर एक खूर उमटत नाई. परवा एक पाडस पुन्हा बोअरिंगवर आलं. कुत्र्याईनं धरलं. मी काठी घेऊन धावली, पण उशीर झाला होता. पाण्याच्या डबक्यातच पडलं होतं. तूच मारलं ते, हेमराज. अन् मी मारलं.

उद्या शुक्रवार. सकाळच्या गाडीनं इतवारीले घेऊन जंगल ऑफिसात जाते. काल तिच्या घरी जाऊन तिले सगळं सांगतलं. तिनं फक्त गाडी किती वाजता हाये ते विचारलं. हा कागद तुह्या हाती पडेपर्यंत माह्यं बयान होऊन गेलं असन. मुद्दाम पोस्टात टाकून राह्यली, कोणाच्या फोनवर निरोप नाई दिला. पळाले वेळ नाई देत तुले.

तुहे भाटवे म्हणाले, भावाचं नाव सांग, तुह्यं नोको सांगू, सुनेचं बाळंतपण तोंडावर हाये, तुले नेलं तं तिचं कोण करन? रडले बिचारे. मी म्हणली, फासा कोणी लावला हे सांगतलं का साहेब विचारनच, मटण कोण्या चुलीवर शिजलं? तवा काय चैतूच्या चुलीवर म्हणू?

बयानात दोन नावं देणार हाये. मारणारा हेमराज. शिजवणारीचं नाव खाली लिहिते, उद्या तिथीही असंच लिहीन.

गुणाबाई मुखरू मोहुर्ले
रा. मोहटोला